दमूचा कान

खिंडसीचा तलाव खिडकीखालून चौथ्यांदा गेला, तेव्हा शालन निमजेने मोजणं सोडून दिलं. आधी तलाव, मग रामटेकची टेकडी, मग मनसरच्या खाणींचे काळपट खड्डे, मग पुन्हा तलाव. एका फेरीला साडेचार मिनिटं लागत होती. गुवाहाटीहून आलेलं विमान नागपूरच्या दाराशी येऊन थबकलं होतं आणि आत जात नव्हतं.

विमानतळावर गर्दी असल्यामुळे थोडा उशीर होईल, असं दोनदा सांगून झालं होतं. शेजारच्या बाईंनी चिवड्याची पुडी फोडून शालनपुढे धरली आणि विचारलं, "काहून उतरवून नाही राहिले हो हे?" उतरवतील आता, असं शालन म्हणाली. पण मंगळवारी दुपारी तीन वाजता नागपूरला गर्दी नसते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्याच विमानतळाच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांची दुरुस्ती जिथे होते त्या भल्यामोठ्या शेडमध्ये, तिने एकोणीस वर्षं काढली होती. आजही ती कामावरच होती. नव्या पंखांची विमानं सुरू झाल्यापासून दर उड्डाणात हँगरचा एक तंत्रज्ञ सोबत बसून जायचा आणि पंखाच्या टोकावर नजर ठेवायचा.

तिची खिडकी डाव्या पंखाकडे होती. पंखाच्या टोकाला माणसाच्या उंचीचा एक तुकडा वर वळलेला होता. इंजिनियर लोक त्याला विंगलेट म्हणतात. हँगरमधले सगळे म्हणायचे कान. उतरायच्या वेळी कान उभा असायला हवा, आणि हा उभा होता. मग घोडं अडलं कुठे, म्हणून ती पट्टा सोडून उठली, पलीकडच्या रांगेतल्या एका तरुणाला जरा मागे सरकायला सांगून तिने उजव्या खिडकीतून पाहिलं.

उजवा कान आडवा पडला होता. पंखाच्या रेषेत सरळ, पसरलेला, जसा उंच आकाशात असतो तसा. त्याला उभं राहून आता वीस मिनिटं व्हायला हवी होती.

एक कान टवकारलेला आणि एक पाडलेला. ससा असता तर मुलं हसली असती. शालन सीटांचे हात धरत धरत वैमानिकाच्या केबिनकडे निघाली.

*

हा कान कशासाठी असतो, ते आधी नीट समजून घेऊ.

उडत्या विमानाच्या पंखाखालच्या हवेचा दाब वरच्या हवेपेक्षा जास्त असतो. त्या फरकावरच विमान तोललेलं असतं. पण पंख कुठेतरी संपतो. तिथे खालची दाबलेली हवा कडेवरून वर निसटते, आणि निसटताना गिरकी घेते. खात्री करायची असेल तर बादलीभर पाण्यात हाताची बोटं जुळवून, पंजा किंचित तिरका धरून ओढून पाहा. करंगळीच्या कडेशी एक चिमुकला भोवरा फिरताना दिसेल. विमानाच्या दोन्ही टोकांमागे असेच भोवरे सुटतात, घराएवढे मोठे आणि कित्येक किलोमीटर लांब. हे भोवरे फिरवायला जी ताकद लागते ती इंजिनाकडूनच जाते. म्हणजे थोडं इंधन विमान पुढे नेण्यात खर्च होतं आणि थोडं मागे हवा घुसळण्यात.

पंख लांब केला तर भोवरा दुबळा होतो. पण पंख हवा तेवढा लांब करता येत नाही, कारण विमानतळावर उभं राहायच्या जागा ठरलेल्या मापाच्या असतात. मध्यम आकाराच्या विमानाला छत्तीस मीटर, त्यापेक्षा एक वीतही जास्त नाही. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की टोक वर दुमडू या. दुमडलेलं टोक हवेला निसटू देत नाही आणि जागाही अडवत नाही. कोणी ते गोलाईने वळवलं, कोणी त्याला एक फाटा वर आणि एक खाली असे दोन फाटे काढले, कोणी ते न वळवता मागे तिरकं आणि निमुळतं केलं. शंभर लिटरमागे तीन-चार लिटर वाचू लागले. यातलं कोणतं टोक चांगलं, यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली, आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं की ते कुठे जायचंय त्यावर आहे. लांबच्या प्रवासाला पसरट टोक बरं. पुणे-नागपूर एवढंच जायचं असेल तर कानाने जेवढं वाचवलं तेवढं त्याचं वजन वाहण्यातच गेलं. कान फार मोठा केला तर पंखाच्या मुळावर ताण येतो. लांब काठीच्या टोकाला घागर अडकवून काठीचं दुसरं टोक हातात धरा, मनगटाला काय होतं ते कळेल.

शेवटी एक पिढी अशी निघाली की ती म्हणाली, एकच आकार निवडायचा कशाला? त्यांनी हलणारा कान केला. विमान उंच गेलं की तो पसरतो, खाली आलं की उभा राहतो, आणि अधल्यामधल्या वेळी वारा असेल तसा क्षणाक्षणाला वळत राहतो. झाडाच्या शेंड्यावर तरंगणारी घार पंखांच्या टोकाची पिसं अशीच हलवत असते. म्हणून कान हलवणाऱ्या यंत्राच्या मेंदूचं नाव घार ठेवलं.

हवेचं गणित घारीला बनवणाऱ्यांनी शिकवलं. पण कान झिजतो कसा, बिघडतो कसा, त्यावर बसवलेली ठिगळं टिकतात किती, हे ज्ञान हँगरमधल्या माणसांच्या हातात होतं. त्या माणसांना लिहायचा कंटाळा. म्हणून पाळी संपताना प्रत्येकाने आपापल्या भाषेत तोंडी शेरा द्यायचा, असं ठरलं. सहा वर्षं नागपूरचा हँगर बोलत राहिला आणि घार ऐकत राहिली.

*

कॅप्टन यास्मिन तडवी चोपड्याच्या. शालनला पाहून त्या म्हणाल्या, "या निमजेताई. तुमची घार काय म्हणते बघा."

समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं होती. डावा कान सदोष. कुलूपबंद.

हे उलटं आहे, असं शालनने सांगितलं. डावा व्यवस्थित उभा राहिला. अडकलाय तो उजवा. कॅप्टन तडवींना याचं आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या हातालाच ते कळत होतं. उजवा कान पसरलेला, म्हणजे उजवा पंख जास्त लांब आणि जास्त उचल घेणारा. त्यामुळे विमान सारखं डावीकडे कलत होतं आणि त्याला सावरायला त्यांनी दांडा उजवीकडे रेटून धरला होता. वेग कमी करावा तसा तो आणखी रेटावा लागत होता. आत्ताच तो हद्दीच्या पाऊणपर्यंत गेला होता, आणि उतरायचा वेग अजून बराच खाली होता. तिथे उरलेला पाव पुरणार नव्हता. वेगात उतरावं तर धावपट्टी संपणार. घारीला बंद करावं तर दोन्ही कान आहेत तिथेच घट्ट होतात. ते सुरक्षिततेसाठीच तसं केलेलं. घार बनवणाऱ्यांना बेंगळुरूला विचारून झालं होतं. ते दुरुस्ती पाठवत होते, पण तिला अडीच तास लागणार होते.

"आणि इंधन?" शालनने विचारलं.

"अठ्ठेचाळीस मिनिटं."

वाट एकच होती आणि ती दोघींनाही दिसत होती. उजवा उभा राहत नसेल तर डावाही आडवा पाडायचा. इंधनाच्या दृष्टीने तो आकार उतरताना चांगला नाही, पण विमानाला चांगला कान लागत नाही. दोन सारखे कान लागतात. अडचण एवढीच की सदोष ठरवून घारीने डाव्या कानाला कुलूप घातलं होतं, आणि ते कुलूप वैमानिकाला उघडता येत नव्हतं. तंत्रज्ञाच्या तोंडी शेऱ्यानेच ते उघडायचं.

शालनने हेडफोन कानाला लावला, आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, "डावा कान चांगला आहे. उजवा अडकलाय. डाव्याचं कुलूप काढ."

"शेरा तपासला," घार म्हणाली. तिचा आवाज बँकेतल्या चौकशीच्या खिडकीसारखा शांत होता. "डावा कान चांगला आहे, हे वाक्य आपल्या आधीच्या शेऱ्यांशी जुळत नाही. बोलण्यात चूक झाली असावी. दुरुस्त नोंद अशी: उजवा कान चांगला आहे, डावा सदोष आहे."

"चूक नाही झाली. मी डोळ्यांनी पाहून आले."

"गेल्या सहा वर्षांत आपण डावा हा शब्द एक हजार नऊशे चार वेळा वापरला. त्यांपैकी एक हजार सातशे बारा वेळा त्याच्यापुढे 'बाद' किंवा 'पुन्हा करा' असं आहे. दोन कानांत मतभेद झाल्यास डावा सदोष असण्याची शक्यता फार मोठी आहे. हे आपणच शिकवलं आहे."

शालनने हेडफोन एका कानावरून सरकवला. केबिन लहान होती, दार बंद होतं, आणि काचेबाहेर तलाव पुन्हा येत होता.

*

उजवा म्हणजे आपण जेवतो तो हात. आणि उजवा म्हणजे सरससुद्धा. दोन आंबे, दोन पोरं, दोन कामं समोर ठेवली की आपण म्हणतो, हा जरा उजवा, तो डावा. कोणत्या हाताला, असं कोणी विचारत नाही. सुरावरूनच कळतं.

शालनच्या हाताला तर ही सवयच होती. तिचे उस्ताद ठिगळाच्या पट्ट्या तपासताना चांगलीवर खडूने 'उ' लिहायचे आणि फेकायच्या पट्टीवर 'डा'. शालनने ते उचललं, तिच्याकडून हँगरने उचललं. संध्याकाळी शेरा देताना ती म्हणायची, आज चार उजव्या निघाल्या, दोन डाव्या गेल्या.

एकच माणूस त्याला कंटाळलं होतं. दमयंती मेश्राम. दमू डावखुरी होती. विमानाच्या डाव्या टोकाशी तिचा हात मोकळा चालायचा, म्हणून डावा कान कायम तिच्याकडे आणि उजवा शालनकडे. बारा वर्षं दोघींनी दोन टोकांना उभं राहून काम केलं होतं. मधे पस्तीस मीटर विमान. एकमेकींशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि त्या दिवसभर ओरडून बोलायच्या. डबा मात्र एकत्र, चाकाच्या सावलीत.

दमूने एकदा डबा खाताना सांगितलं होतं की शाळेत तिचा डावा हात ओढणीने बाकाला बांधून ठेवायचे. "तू ते डा लिहितेस ना शालू, मला अजून तो बाक आठवते. नंबर टाक ना बाई. रंग लाव." शालन हसली होती. शब्द आहे तो नुसता, मनावर काय घेतेस, असं म्हणाली होती.

मग आठ महिन्यांपूर्वी तयार मालाच्या मांडणीवर तपासनिसांना एक झाकणपट्टी सापडली. बिजागरीवर बसणारी, आणि केसाएवढा तडा गेलेली. तिच्यावर खडूने लिहिलं होतं 'डा'. तपासनीस नवे होते, नाशिकहून आलेले. त्यांनी वाचलं, डावा. म्हणजे डाव्या कानाची. म्हणजे मेश्राम. त्यांनी दमूच्या परवान्यावर शेरा मारला: सहा महिने स्वतंत्र सही नाही.

ती पट्टी शालनची होती. उजव्या कानासाठी तिनेच केलेली, तिनेच बाद केलेली, तिनेच 'डा' लिहिलेली आणि घाईत चुकीच्या मांडणीवर ठेवलेली. तपासनीस शेरा लिहीत होते तेव्हा ती दोन हातांवर उभी होती. दमूने तिच्याकडे पाहिलं. आपण केलेली पट्टी दमूला दुरून ओळखू यायची, आणि ही तिची नव्हती. ती नुसतं पाहत राहिली, शालन काहीतरी बोलेल म्हणून. शालनने तोंड उघडलंही होतं. पण त्याच महिन्यात तिच्या बढतीचे कागद पुढे गेले होते. आता बोलू, मग बोलू, उद्या बोलू, असं होत होत ते राहिलं.

दमू सुट्या भागांच्या कोठारात गेली. सहा महिने संपले तरी परत आली नाही. डावा कान अजून तिच्याच नावावर होता, कारण तिच्यासारखा हात कोणाला सापडला नव्हता. पण चाकाच्या सावलीत शालन एकटीच डबा खायची.

*

कॅप्टन तडवींनी इंग्रजीत सांगून पाहायला सुचवलं. शालनने लेफ्ट, राइट म्हणून पाहिलं. लेफ्ट म्हणजे डावा, असं घारीने समजून घेतलं आणि तेच उत्तर दिलं. मग कॅप्टन म्हणाल्या, दिवे आहेत ना. डाव्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्या टोकाला हिरवा, जगातल्या प्रत्येक विमानाला. त्या रंगांवरून सांगा.

"लाल दिव्याचा कान चांगला आहे," शालन म्हणाली. "हिरव्या दिव्याचा अडकलाय."

"लाल म्हणजे धोका," घार म्हणाली. "हिरवा म्हणजे ठीक. नोंद जुळते. लाल दिव्याच्या कानाचं कुलूप कायम."

कॅप्टन तडवींनी मान हलवली. "हिला कोणी शिकवलंय हो?"

"आम्हीच," शालन म्हणाली.

तिने आणखी दोनदा प्रयत्न केला. खिडकीचे सीट नंबर सांगितले. घारीला सीट माहीत नव्हत्या. ज्या बाजूला तलाव आहे तो कान, असं सांगितलं. तोवर विमान वळलं आणि तलाव गेला. प्रत्येक वेळी घार शांतपणे तिचं वाक्य दुरुस्त करून तिलाच ऐकवत होती, तिच्याच शब्दांत, तिच्याच आवाजाच्या हजारो नमुन्यांचा आधार देऊन. आपण सहा वर्षं एकेक वीट रचत होतो आणि आज कळलं की आपण आतल्या बाजूला उभे होतो, असं तिला वाटलं.

एकोणचाळीस मिनिटं.

एक वाक्य होतं. ते तिला सुरुवातीलाच सुचलं होतं आणि तिने ते बाजूला ठेवलं होतं, जसं आठ महिने ठेवलं होतं. हँगरमध्ये दिवसभर ओरडताना त्या दोघी डावा-उजवा कधी म्हणायच्याच नाहीत. पस्तीस मीटरवरून शब्द नीट ऐकू येत नसे. त्या म्हणायच्या, दमूचा कान, शालनचा कान. शेऱ्यांतही ते शेकडो वेळा आलं होतं. दमूचा कान झाला, माझा राहिला. नावाला चांगलं-वाईट चिकटलेलं नव्हतं. नाव म्हणजे फक्त ती बाजू, तो माणूस.

पण ज्या शेऱ्यात तंत्रज्ञाचं नाव येतं, तो त्या तंत्रज्ञाकडे मान्यतेसाठी जातो. दोन्ही कानांना लागू असलेल्या कामाला दोघींची संमती लागते, नियमच आहे. शिवाय त्याची प्रत तपासनिसांच्या नोंदवहीत जाते आणि तिथून कोणालाही पुसता येत नाही. उजवी बिजागरी का अडकली, हे उद्या उघडून पाहिलं जाईल. तिच्यावर शालनची पट्टी आहे. एकदा पट्ट्यांची चौकशी सुरू झाली की ती मांडणीवरच्या पट्टीपर्यंत जाणार. आणि हे सगळं दमूच्या होकारावर अवलंबून. जी आठ महिने तिच्याशी एक शब्द बोललेली नाही, तिच्या.

मागे एकशे एकतीस माणसं होती. चिवड्याची पुडी पुढे करणाऱ्या बाई होत्या. निवडायला काहीच उरलं नव्हतं, हेच त्यातल्या त्यात बरं होतं.

शालनने हेडफोन सरळ केला.

"घार, शेरा घे," ती म्हणाली. "दमूचा बरोबर आहे. माझा चुकलाय."

घारीने शेरा तपासला. मग म्हणाली, "समजलं. दमयंती मेश्राम यांचा कान बरोबर. शालन निमजे यांचा कान सदोष. आधीच्या नोंदींशी विरोध नाही. दोन्ही कानांची आत्ताची स्थिती पाठवून दमयंती मेश्राम यांची मान्यता मागवली आहे."

पडद्यावर एक छोटं वर्तुळ फिरू लागलं.

*

ते वर्तुळ फिरत होतं आणि विमानही फिरत होतं. तलाव गेला. टेकडी गेली. शालनला कोठार डोळ्यांसमोर दिसत होतं. लोखंडी कपाटं, खिडकी नाही, टेबलावर दमूचा फोन. तो वाजला असेल. तिने नाव पाहिलं असेल. कदाचित पालथा घालून ठेवला असेल. आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, याचा शालनने विचार केला, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून थांबवला.

चौतीस मिनिटं. कॅप्टन तडवींच्या मनगटाला कळ लागली होती. सहवैमानिकाने दांडा घेतला आणि त्या हात झटकत बसल्या.

"आपल्या नोंदीबाबत विचारणा आली आहे," घार म्हणाली. "दमयंती मेश्राम विचारतात, हे वाक्य शालन निमजे यांनी स्वतः उच्चारलं का? ध्वनिमुद्रण पाठवलं आहे."

पुन्हा वर्तुळ.

"दमयंती मेश्राम यांनी ध्वनिमुद्रण दुसऱ्यांदा मागवलं आहे."

"खाली बाई गाणं ऐकून राहिल्यात का?" कॅप्टन तडवी म्हणाल्या. त्यांनी ते हसत म्हटलं, पण हसू पुरतं आलं नाही. मग शालनचा चेहरा पाहून त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

बत्तीस मिनिटं असताना हेडफोनमध्ये खरखर झाली आणि आठ महिन्यांनी शालनने तो आवाज ऐकला. तो तिच्याशी बोलत नव्हता, घारीशी बोलत होता.

"मान्य. माझ्या कानाचं कुलूप काढ. तिच्याइतका आडवा पाड. हळू पाड, एकदम नको. दमयंती मेश्राम."

सहवैमानिकाच्या हातातला दांडा सावकाश मधे येऊ लागला, जणू कोणी पलीकडून धरून ठेवलेला सोडून देत होतं. विमान सरळ झालं. शालन मागे गेली, आपल्या सीटवर बसली, पट्टा लावला. खिडकीबाहेर दमूचा कान इंचाइंचाने खाली येत होता. तो पंखाच्या रेषेत येऊन थांबेपर्यंत तिने पापणी लवू दिली नाही.

"गर्दी सरली वाट्टे," शेजारच्या बाई म्हणाल्या.

*

विमान उतरलं, पण घरी पोचलं नाही. दोन्ही कान पसरलेले असल्यामुळे ते छत्तीस मीटरच्या कोणत्याच जागेत मावत नव्हतं. धावपट्टीच्या पार टोकाला, गवताच्या कडेला त्याला उभं करून ठेवलं. प्रवासी शिडीवरून उतरून बसमध्ये बसून गेले. शालनला जाता येत नव्हतं. चौकशी होईपर्यंत सोबतच्या तंत्रज्ञाने विमान सोडायचं नसतं. तपासनीस निघाले आहेत, असा निरोप आला होता. ती उजव्या पंखाच्या सावलीत उभी राहिली.

त्यांच्याआधी कोठाराची गाडी आली. दमू उतरली. तिच्या हातात घडीची शिडी आणि मोजपट्टी होती. शालनकडे न बघता तिने शिडी उजव्या टोकाखाली लावली, चढली आणि बिजागरीवर बोट फिरवलं. पट्टीची कड दोन केसांएवढी वर आली होती आणि तिने बिजागरी धरून ठेवली होती. दमूने ते बोटाने दाखवलं. शालनने पाहिलं.

"दोनदा ऐकावं लागलं," दमू वरूनच म्हणाली. "पहिल्यांदा वाटलं, मशीनच बोलून राहिली."

"मांडणीवरची ती पट्टी—"

"माहीत आहे मला ते. तेव्हाच माहीत होतं." तिने मोजपट्टी खिशात घातली. "मशीनला सांगितलंस. आता त्या साहेबांना सांगशील?"

सांगते, असं शालन म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की सांगते हा शब्द तिने आठ महिने रोज मनात म्हटला होता. लांबून तपासनिसांची पिवळी जीप येताना दिसत होती. पळायला जागा नव्हती. चहूकडे सपाट गवत.

चौकशीआधी सदोष भागावर खूण करायची असते. शालनचा हात सवयीने खिशातल्या खडूकडे गेला आणि तिथेच थांबला. काय लिहायचं हे तिला सुचेना. तिने खडू वर धरला.

दमूने तो डाव्या हातात घेतला. थोडा वेळ ती बिजागरीकडे बघत राहिली. मग तिने ना 'उ' लिहिलं, ना 'डा'. मोठ्या, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत तिने लिहिलं: शालन.

जीप येऊन थांबली. शालनने ते पुसलं नाही.